सीमा ओलांडणारी माहिती, सीमेत राहणारा कायदा

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जगातला पहिला कायदा इंटरनेटच्या प्रसाराहून बराच जुना आहे. ऑक्टोबर १९७० मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीतील हेसेन या राज्याने तो केला. तेव्हा धास्ती होती सरकारी संगणकांची. दवाखाना, शाळा, करखाते अशा वेगवेगळ्या दप्तरांत विखुरलेली नागरिकांची माहिती एका यंत्रात गोळा झाली, तर तिच्या बळावर प्रशासन माणसाला हवे तसे वळवू शकेल, ही ती धास्ती. आज असे कायदे दीडशेहून अधिक देशांत आहेत, आणि काळजी सरकारी यंत्रांइतकीच खासगी कंपन्यांचीही आहे.

हा विस्तार संसदांनी आणि न्यायालयांनी केला. पण त्यामागची तत्त्वे, परिभाषा आणि देशोदेशीच्या कायद्यांची तुलना बऱ्याच अंशी विद्यापीठांतून आली. प्राध्यापक, नियामक आणि न्यायालय यांच्यातले अंतर इतके कमी असलेल्या कायद्याच्या शाखा फार थोड्या आहेत. आंतरराष्ट्रीय इंटरनेट आणि डेटा-खासगीपणा कायद्याची ही अभ्यासशाखा कशी घडली, तिच्यात मतभेद कुठे आहेत, भारतात ती कुठवर आली, तिच्यात आयुष्य घालवणाऱ्या अभ्यासकाची वाट कशी असते आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, याचा हा आढावा. या सगळ्याच्या मुळाशी एकच पेच आहे. माहिती क्षणात देश ओलांडते; तिच्याबद्दल उत्तर देण्याची जबाबदारी मात्र तिच्या मागोमाग जात नाही.

१. पार्श्वभूमी

१८९० मध्ये सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या बॉस्टनच्या दोन वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये ‘द राइट टू प्रायव्हसी’ हा लेख लिहिला. झटपट छायाचित्र टिपणारे कॅमेरे आणि घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणणारी वर्तमानपत्रे हा त्यांच्या चिंतेचा विषय होता. माणसाला त्याच्या एकांतात निवांत राहू द्यावे, असा त्यांचा आग्रह. १९६७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील अ‍ॅलन वेस्टिन यांनी ‘प्रायव्हसी अँड फ्रीडम’ या ग्रंथात विचार पुढे नेला. आपली माहिती कुणाला, केव्हा आणि किती कळावी हे आपण ठरवणे म्हणजे खासगीपणा, असे त्यांनी मांडले. एकांताची कल्पना इथे नियंत्रणाच्या कल्पनेत बदलली, आणि संगणकाच्या युगाला हीच व्याख्या सोयीची ठरली.

१९७३ मध्ये स्वीडनने देशपातळीवरचा पहिला कायदा केला. त्याच वर्षी अमेरिकेत विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने माहिती हाताळण्याचे काही साधे नियम सुचवले. गुप्त नोंदवह्या असू नयेत. आपल्याबद्दल काय नोंदले आहे हे माणसाला पाहता यावे, चुकले असेल तर दुरुस्त करून घेता यावे. एका कामासाठी घेतलेली माहिती त्याच्या संमतीविना दुसऱ्या कामाला लावू नये. जगातल्या बहुतेक माहिती-संरक्षण कायद्यांचा सांगाडा आजही हाच आहे. फ्रान्समध्ये सरकारी नोंदी एकमेकींना जोडण्याची ‘सफारी’ नावाची योजना १९७४ मध्ये ‘ल माँद’ या दैनिकाने उघड केली. त्या गदारोळातून १९७८ चा कायदा आणि स्वतंत्र नियामक आयोग आला.

कायदे वाढू लागले तशी सीमेची अडचण पुढे आली. कडक कायद्याच्या देशातून सैल कायद्याच्या देशात माहिती पाठवून पळवाट काढता येईल, ही युरोपची भीती होती. खासगीपणाच्या नावाखाली युरोप आपल्या उद्योगांची वाट अडवतो आहे, ही अमेरिकेची शंका. ऑस्ट्रेलियाचे न्यायाधीश मायकेल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने यातून मार्ग काढला आणि १९८० मध्ये ओईसीडी या आर्थिक सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. ती बंधनकारक नव्हती. बंधनकारक ठरला तो युरोपीय परिषदेचा ‘१०८ क्रमांकाचा करार’. २८ जानेवारी १९८१ रोजी तो सह्यांसाठी खुला झाला, म्हणून तो दिवस आता डेटा-खासगीपणा दिन म्हणून पाळला जातो. युरोपबाहेरच्या देशांनाही या कराराचे दार उघडे आहे. २०१३ मध्ये उरुग्वे त्या दारातून आत येणारा पहिला देश ठरला.

डिसेंबर १९८३ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात निकाल दिला. स्वतःच्या माहितीबद्दल स्वतः ठरवण्याचा हक्क मानवी प्रतिष्ठेतून आणि व्यक्तिमत्त्वविकासाच्या स्वातंत्र्यातून येतो, असे त्यात म्हटले होते. युरोपच्या १९९५ च्या निर्देशाने आणखी एक पाऊल टाकले. ज्या देशात ‘पुरेसे’ संरक्षण आहे त्याच देशात माहिती मोकळेपणाने पाठवावी, हा नियम त्याने घातला. पुढच्या तीस वर्षांचे वाद या एका विशेषणाभोवती फिरत आहेत.

२. ही स्वतंत्र अभ्यासशाखा आहे का?

१९९६ मध्ये अमेरिकी न्यायाधीश आणि शिकागो विद्यापीठातील अध्यापक फ्रँक ईस्टरब्रुक यांनी एक रोखठोक प्रश्न विचारला. घोड्यांच्या खरेदी-विक्रीचे, घोड्याने लाथ मारल्याचे, शर्यतींच्या परवान्यांचे खटले असतात, म्हणून ‘घोड्यांचा कायदा’ असा वेगळा विषय शिकवायचा का? करार, मालमत्ता, नुकसानभरपाई यांचे सर्वसाधारण नियम नीट शिकवा, ते इंटरनेटलाही लागू होतील, असे त्यांचे म्हणणे. लॉरेन्स लेसिग यांनी १९९९ मध्ये उत्तर दिले. इंटरनेटवर माणसाच्या वागण्याला कायद्याइतकाच, कधी त्याहून अधिक, आकार देते ती प्रणालीची रचना. ही रचना कोण ठरवतो हे समजून घेतल्याखेरीज कायदा काय करू शकतो ते कळणार नाही. फोर्डहॅम विद्यापीठातील जोएल रायडनबर्ग यांनी १९९८ मध्येच तंत्ररचनेतून तयार होणाऱ्या नियमांना ‘लेक्स इन्फॉर्माटिका’ असे नाव दिले होते.

हा वाद तत्त्वतः मिटला नाही, पण व्यवहारात शाखा उभी राहिली. ऑस्लो विद्यापीठात १९७० मध्येच संगणक आणि कायदा यांच्या अभ्यासाचे केंद्र सुरू झाले होते. त्याच्या संस्थापकांपैकी यॉन बिंग हे नॉर्वेचे नावाजलेले विज्ञानकथालेखकही होते. पुढे ऑस्लोच्याच ली बायग्रेव्ह यांनी माहिती-संरक्षण कायद्याचे तर्कशास्त्र आणि मर्यादा तपासणारा ग्रंथ २००२ मध्ये लिहिला. २०११ मध्ये क्रिस्टोफर कूनर यांच्या संपादकत्वाखाली ‘इंटरनॅशनल डेटा प्रायव्हसी लॉ’ हे नियतकालिक ऑक्सफर्डहून निघू लागले. विषयाला स्वतःचे केंद्र, ग्रंथ आणि नियतकालिक मिळाले.

नावाबद्दलचा प्रश्न मात्र उरला, आणि तो केवळ शब्दांचा नाही. युरोपच्या मूलभूत हक्कांच्या सनदेत खासगी जीवनाचा आदर सातव्या कलमात आहे आणि व्यक्तिगत माहितीचे संरक्षण आठव्या. हे दोन हक्क की एकाच हक्काच्या दोन बाजू? पॉल द हर्ट आणि सर्ज गुटविर्थ यांनी त्यांच्यातला फरक कामाच्या पद्धतीत पाहिला. खासगीपणा सत्तेला दारातच थांबवतो. माहिती-संरक्षण सत्तेला आत येऊ देते, पण तिने काय केले याचा हिशेब मागते. दुसरीकडे नाडेझ्दा पुर्तोव्हा यांनी २०१८ मध्ये इशारा दिला की ‘व्यक्तिगत माहिती’ची व्याख्या इतकी पसरली आहे की उद्या जगातली प्रत्येक गोष्ट याच कायद्याखाली येईल आणि त्या ओझ्यानेच तो वाकेल.

मराठीत हा पेच अधिक ठळक दिसतो. आपण ‘प्रायव्हसी’ला कधी ‘गोपनीयता’ म्हणतो, कधी ‘खासगीपणा’. पहिल्या शब्दात काहीतरी लपवल्याचा वास आहे. दुसऱ्याला इतिहास आहे. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशा दोन स्वतंत्र तिजोऱ्या होत्या, आणि खासगीचा कारभार राज्याच्या कारभारापासून वेगळा चाले. राज्याच्या हिशेबात न मिसळणारे, स्वतःचे असे काही, हा अर्थ त्या शब्दात मुरलेला आहे. तो ‘गोपनीयते’पेक्षा मूळ कल्पनेच्या जवळ जातो.

३. कुणाचा कायदा कुठवर?

फेब्रुवारी १९९६ मध्ये जॉन पेरी बार्लो यांनी दाव्होसहून सायबरविश्वाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी डेव्हिड जॉन्सन आणि डेव्हिड पोस्ट यांनी विधिशास्त्राच्या भाषेत तोच विचार मांडला. भूगोलावर उभ्या असलेल्या कायद्याला सीमा नसलेल्या जाळ्यात आधार उरत नाही, म्हणून तिथले नियम तिथेच घडू द्यावेत. जॅक गोल्डस्मिथ यांनी १९९८ मध्ये याचा प्रतिवाद केला. सीमेपलीकडचे व्यवहार जुनेच आहेत, आंतरराष्ट्रीय खासगी कायदा ते शतकानुशतके हाताळत आला आहे, आणि इंटरनेट वापरणारी माणसे, तारा व यंत्रे कुठल्या तरी देशातच असतात. २००० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने नाझी वस्तूंचे लिलाव फ्रान्समधील लोकांपर्यंत पोहोचू देऊ नयेत असा आदेश याहूला दिला, तेव्हा वारे गोल्डस्मिथ यांच्या बाजूने वाहू लागले.

पण ‘राज्यसंस्था नियम करू शकते’ एवढे मान्य झाल्याने प्रश्न संपला नाही. कोणती राज्यसंस्था, हा पुढचा प्रश्न उभा राहिला. २०१३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने डब्लिनमधल्या सर्व्हरवरचे ई-मेल मायक्रोसॉफ्टकडे मागितले. माहिती जिथे साठवली तिथला कायदा लागू, की कंपनी जिथली तिथला? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येण्याआधीच मार्च २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ‘क्लाउड’ कायदा करून ‘कंपनी जिथली तिथला’ या बाजूने कौल दिला. माहिती जगात कुठेही असो, अमेरिकी अधिकारक्षेत्रातल्या कंपनीने ती द्यायची. युरोपचा २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर हा माहिती-संरक्षण कायदा तिसरी कसोटी लावतो. युरोपातल्या माणसांना वस्तू वा सेवा देऊ करणारी किंवा त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणारी संस्था कुठेही असली, तरी तिला हा कायदा लागू होतो. साठवणुकीची जागा, कंपनीचा देश आणि माणसाचा ठावठिकाणा या तीन कसोट्या आज एकाच वेळी लागू आहेत. ऑस्ट्रेलियातील बाँड विद्यापीठाचे डॅन स्वान्टेसन यांच्या मते भूप्रदेश हा पायाच आता सोडायला हवा आणि त्या जागी प्रकरणाशी असलेला ठोस संबंध व रास्त हितसंबंध पाहायला हवेत.

कोलंबिया विद्यापीठातील अनू ब्रॅडफर्ड यांनी या चित्राला २०१२ मध्ये ‘ब्रुसेल्स परिणाम’ असे नाव दिले. मोठ्या बाजारपेठेचे कडक नियम कंपन्या सोयीसाठी जगभर पाळू लागतात, आणि मग इतर देशही तेच नियम उचलतात. याच्या समर्थकांना यात हक्कांची चढती पातळी दिसते. टीकाकार विचारतात, ज्यांनी हे नियम करताना मत दिले नाही त्यांच्यावर ते का लादावेत? युरोपीय न्यायालयाने स्वतःही इथे काहीसा संयम दाखवला. २०१४ मध्ये शोधयंत्रातून जुने दुवे काढून घेण्याचा हक्क त्याने मान्य केला. २०१९ मध्ये मात्र ते दुवे जगभरातून काढण्याची सक्ती युरोपचा कायदा करत नाही, असे सांगितले.

या चर्चेतले सर्वांत परिणामकारक पाऊल एका विद्यार्थ्याचे होते. व्हिएन्नाचा माक्स श्रेम्स २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा विद्यापीठात एका सत्रासाठी गेला होता. तिथल्या सत्रनिबंधासाठी त्याने फेसबुक आणि युरोपचा खासगीपणा कायदा हा विषय घेतला आणि स्वतःची माहिती कंपनीकडे मागितली. बाराशेहून अधिक पाने हाती आली. त्याने आयर्लंडच्या नियामकाकडे तक्रारी केल्या. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळतीची कागदपत्रे उघड केल्यावर या तक्रारींना नवे वजन आले. ऑक्टोबर २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने युरोप-अमेरिका माहितीवहनाची ‘सेफ हार्बर’ व्यवस्था रद्द केली आणि जुलै २०२० मध्ये तिच्या जागी आलेली ‘प्रायव्हसी शील्ड’ही. जुलै २०२३ मध्ये तिसरी चौकट आली. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने तिच्याविरुद्धचा दावा फेटाळला. ‘पुरेसे संरक्षण’ म्हणजे काय, या प्रश्नाची ही तिसरी फेरी आहे.

४. हक्क, करार की सत्ता?

खासगीपणाचा पाया काय, यावर तीन प्रवाह दिसतात. येल विद्यापीठातील जेम्स व्हिटमन यांनी २००४ मध्ये दाखवले की युरोपात खासगीपणा प्रतिष्ठेशी जोडलेला आहे, तर अमेरिकेत तो घराच्या उंबरठ्यावर सरकारला अडवण्याच्या स्वातंत्र्याशी. म्हणून अमेरिकेत खासगी क्षेत्राला व्यापणारा एक सर्वसमावेशक संघराज्यीय कायदा अजून नाही, आणि कॅलिफोर्नियासारखी राज्ये आपापले कायदे करत आहेत.

दुसरा प्रवाह संमतीचा. माणसाला सूचना द्या, त्याची संमती घ्या, पुढचे तो ठरवेल. ही मांडणी माणसाला शहाणा आणि स्वतंत्र मानते, ही तिची ताकद. पण कार्नेगी मेलन विद्यापीठातील आलीशिया मॅकडॉनल्ड आणि लॉरी क्रेनर यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला, की भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचे खासगीपणाविषयक निवेदन वाचायचे तर एका माणसाला वर्षाला दोनशेहून अधिक तास लागतील. डॅनियल सोलोव्ह यांनी २०१३ मध्ये ही कोंडी नेमकी सांगितली. संमतीवर सगळा भार टाकला तर माणूस तो पेलू शकत नाही, आणि संमती काढून घेतली तर त्याच्यासाठी दुसरेच कुणीतरी ठरवते.

या कोंडीतून बाहेर पडण्याचे प्रयत्न हा तिसरा प्रवाह. हेलन निसेनबॉम यांच्या मते माहिती ज्या संदर्भात दिली त्या संदर्भाचे संकेत पाळले जातात की नाही, हे पाहावे. डॉक्टरला सांगितलेला आजार डॉक्टरकडे योग्य जागी आहे. तोच विमा कंपनीकडे गेला तर संकेत मोडला, मग सही असो वा नसो. येलचे जॅक बाल्किन यांनी सुचवले की माहिती बाळगणाऱ्या कंपन्यांना वकील किंवा डॉक्टर यांच्यासारखे विश्वस्त मानावे. लीना खान आणि डेव्हिड पोझेन यांनी २०१९ मध्ये यावर आक्षेप घेतला. भागधारकांचे हित पाहण्यास बांधलेली आणि जाहिरातींवर जगणारी कंपनी त्याच वेळी ग्राहकाची विश्वस्त कशी होईल? याहून व्यापक टीका निक कूल्ड्री आणि उलिसेस मेहियास यांची. त्यांच्या मते माहितीचा हा उपसा वसाहतवादाच्या इतिहासाचाच पुढचा अध्याय आहे, आणि व्यक्तीच्या हक्काची भाषा त्यासाठी तोकडी पडते.

५. भारतातील स्थिती

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. त्याच योजनेला आव्हान देणारी याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टास्वामी यांनी २०१२ मध्ये केली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे का, हा प्रश्न तिच्यातूनच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पीठाने एकमताने होकार दिला. मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे होते. आणीबाणीतील १९७६ च्या ज्या निकालात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड बहुमताच्या बाजूने होते, तो निकाल त्यांनी याच निकालपत्रात चुकीचा ठरवला. नागपूरचे न्या. शरद बोबडे यांनीही स्वतंत्र निकालपत्र लिहिले. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये मात्र पाच न्यायमूर्तींच्या पीठाने काही कलमे वगळून आधार योजना बहुमताने वैध ठरवली. हक्क मान्य होणे आणि तो वापरता येणे यांत किती अंतर असू शकते, याची चर्चा या दोन निकालांच्या तुलनेतून आजही होते.

मुंबई उच्च न्यायालयात दीर्घ काळ काम केलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल आणि मसुदा दिला. माहिती गोळा करणाऱ्याला त्यात ‘डेटा फिड्युशिअरी’ म्हटले होते, म्हणजे विश्वस्त. अमेरिकी विद्यापीठात चर्चिली जाणारी कल्पना अशी भारताच्या मसुद्यात आली. २०१९ चे विधेयक संयुक्त समितीकडे गेले, २०२२ मध्ये मागे घेतले गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे.

या कायद्याबद्दल मते विभागलेली आहेत. समर्थकांच्या मते तो आटोपशीर आहे, लहान उद्योगांना झेपेल असा आहे, आणि २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड त्याला धार देतो. टीकाकार तीन गोष्टींवर बोट ठेवतात: सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची व्यापक मुभा, माहिती संरक्षण मंडळाच्या नेमणुकांतला सरकारचा हात, आणि माहिती अधिकार कायद्यातील दुरुस्ती. पूर्वी व्यक्तिगत माहितीही सार्वजनिक हितासाठी देण्याची तरतूद त्याच कलमात होती. ती आता काढली आहे. माहिती अधिकाराची चळवळ ज्या राज्यांत रुजली त्यांतल्या महाराष्ट्रात ही चिंता स्वाभाविक आहे. सरकारपक्षाचे उत्तर असे की सार्वजनिक हिताचे सर्वसाधारण पोटकलम अजून शाबूत आहे. हे पोटकलम प्रत्यक्षात किती आधार देते, हे माहिती आयोगांच्या आणि न्यायालयांच्या निर्णयांतूनच कळेल.

सीमेबाबत भारताची भूमिका बदलत आली आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैसे-व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला. २०१९ मध्ये ओसाका येथे जपानने पुढे केलेल्या मुक्त माहितीवहनाच्या घोषणेपासून भारत दूर राहिला. २०२३ च्या कायद्याने मात्र माहिती परदेशी पाठवण्यास मोकळीक दिली असून, सरकार मनाई करील तेवढे देश त्यातून वगळले जातील. युरोपने भारताचे संरक्षण ‘पुरेसे’ ठरवलेले नाही. त्यामुळे पुणे-मुंबईतल्या ज्या कंपन्या युरोपीय ग्राहकांची माहिती हाताळतात, त्यांना बहुधा ठरीव करारकलमांचा आधार घ्यावा लागतो.

६. अभ्यासकाची वाट

या शाखेत आयुष्य घालवणाऱ्यांच्या वाटा एकसारख्या नाहीत, पण त्यांत काही ठळक वळणे दिसतात.

पहिली वाट विद्यापीठातून नियामकाच्या खुर्चीकडे जाते. अथेन्समध्ये जन्मलेले स्पिरोस सिमितिस फ्रँकफर्टला कायद्याचे प्राध्यापक झाले. हेसेनच्या कायद्यामागच्या विचारात त्यांचा मोठा वाटा होता, आणि १९७५ पासून १९९१ पर्यंत ते त्याच राज्याचे माहिती-संरक्षण आयुक्त होते. त्यांनी अध्यापन आणि नियमन एकमेकांना पूरक ठरवले. माल्टाचे प्राध्यापक जोसेफ कॅनाटाची २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे खासगीपणाविषयक पहिले विशेष प्रतिवेदक झाले.

दुसरी वाट चिकाटीच्या मोजदादीची. सिडनीचे ग्रॅहम ग्रीनलीफ यांनी वर्षानुवर्षे जगभरच्या कायद्यांचे तक्ते केले. २०११ मध्ये त्यांनी ७६ देशांचे कायदे मोजले; २०२३ पर्यंत ही संख्या १६० च्या पुढे गेली. युरोपबाहेरचे देश या शाखेच्या नकाशावर आले ते बऱ्याच अंशी अशा कामामुळे. याच ग्रीनलीफ यांनी १९९५ मध्ये अँड्र्यू मोब्रे यांच्यासह ऑस्ट्रेलियातील निकाल आणि कायदे सर्वांना मोफत खुले करणारी संस्था उभारली. पण या खुलेपणातही एक पेच आहे: निकाल खुले असणे हा लोकांचा हक्क, आणि त्या निकालातल्या पक्षकाराचा खासगीपणा हाही हक्क. आपल्याकडच्या उच्च न्यायालयांपुढेही निकालातून नाव वगळण्याच्या मागण्या येत आहेत.

तिसरी वाट तंत्रज्ञांच्या सोबतीची. नव्वदच्या दशकात लटान्या स्वीनी यांनी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची वैद्यकीय नोंद ‘निनावी’ म्हणून दिलेल्या माहितीतून, मतदारयादीशी ताडून, शोधून काढली. २०१० मध्ये पॉल ओम यांनी त्यातून कायद्याचा निष्कर्ष काढला: नाव पुसले म्हणजे माणूस सुरक्षित झाला, हे गृहीतक सोडावे लागेल. संगणकशास्त्र न समजता या कायद्यावर लिहिणे आता अवघड आहे.

या वाटांवर दोन चर्चा सतत चालू असतात. एक स्वायत्ततेची. परिषदा, अध्यासने आणि संशोधन प्रकल्प यांना बड्या कंपन्यांचा निधी मिळतो. अभ्यासक विद्यापीठ, कंपनी आणि नियामक यांच्यात ये-जा करतात. काहींच्या मते त्याशिवाय आतली माहिती आणि प्रत्यक्षाचे भान येत नाही. इतरांना यात कोणता प्रश्न विचारायचा हेच नकळत ठरून जाण्याचा धोका दिसतो. निधीचा स्रोत जाहीर करण्यावर बहुतेकांचे एकमत आहे, तेवढे पुरेसे आहे का यावर नाही. दुसरी चर्चा केंद्र आणि परिघाची. या शाखेचे लेखन प्रामुख्याने इंग्रजीत आणि युरोप-अमेरिकेत होते. आफ्रिकी संघाचा २०१४ चा मालाबो करार २०२३ मध्ये अमलात आला. टांझानियाचे अ‍ॅलेक्स मकुलिलो यांच्यासारख्या अभ्यासकांनी आफ्रिकी कायद्यांचा स्वतंत्र विचार मांडला आहे. खासगीपणा ही व्यक्तिकेंद्री, पाश्चात्त्य कल्पना आहे की प्रत्येक समाजात तिचे स्वतःचे रूप असते, हा प्रश्न त्या लेखनातून पुन्हा उभा राहतो.

७. काय सुटायचे राहिले?

अंमलबजावणी हा पहिला प्रश्न. जीडीपीआरमध्ये जागतिक उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि मे २०२३ मध्ये मेटाला १.२ अब्ज युरोचा दंडही झाला. पण अनेक बड्या कंपन्यांची युरोपीय मुख्यालये आयर्लंडमध्ये असल्याने एका लहान देशाच्या नियामकावर साऱ्या खंडाचा भार पडतो. कायदा असलेल्या देशांची संख्या मोजता येते. तो प्रत्यक्षात किती लागू होतो हे मोजण्याची सर्वमान्य रीत अजून नाही.

दुसरा, यंत्रांनी घेतलेल्या निर्णयांचा. कर्ज नाकारले तर कारण मागण्याचा हक्क जीडीपीआर देतो का? साँड्रा वाख्टर आणि सहलेखकांनी २०१७ मध्ये ‘नाही’ म्हटले; अँड्र्यू सेल्बस्ट आणि ज्यूलिया पोल्स यांनी त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, ‘होय’. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्णयामागची पद्धत समजेल अशा भाषेत सांगण्याचा आदेश दिला. मात्र यंत्र बनवणाऱ्यालाच ज्याचे कारण पुरते सांगता येत नाही अशा प्रणालींचे काय, हा प्रश्न त्या निकालापलीकडे उरतो.

तिसरा, सरकारी पाळतीचा. श्रेम्सच्या खटल्यांत कसोटी लागली ती अमेरिकी यंत्रणांची. युरोपीय देशांच्या स्वतःच्या गुप्तचर यंत्रणा तेवढ्याच तराजूत तोलल्या जातात का, असे अमेरिकी अभ्यासक विचारतात. दुसऱ्या देशाकडून जेवढे संरक्षण मागायचे तेवढे आपल्या नागरिकाला देणे, ही सगळ्याच देशांची कच्ची बाजू आहे.

आणि चौथा, समजण्याचा. भारताच्या २०२३ च्या कायद्यात एक तरतूद आहे, तिच्याकडे आपले लक्ष जायला हवे. संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे, असे ती सांगते. म्हणजे आज ना उद्या अशा सूचना मराठीत लिहिल्या जातील. त्यांत ‘गोपनीयता’ लिहायचे की ‘खासगीपणा’, ‘फिड्युशिअरी’ला ‘विश्वस्त’ म्हणायचे का, ‘प्रक्रिया’ हा शब्द वाचून माणसाला आपल्या माहितीचे काय होणार ते कळते का? हे अनुवादकावर सोडून देण्याचे काम नाही. ज्याला जर्मन घटना न्यायालयाचा जनगणनेचा निकाल आणि पुट्टास्वामीचा निकाल दोन्ही ठाऊक आहेत, आणि टेंभलीतल्या माणसाशी बोलताही येते, अशा अभ्यासकाचे ते काम आहे. आपल्याकडच्या विधी महाविद्यालयांतून असे अभ्यासक घडावेत, अशी मनापासूनची इच्छा आहे. हेसेनमध्ये एका प्राध्यापकाने जगातल्या पहिल्या कायद्यामागच्या विचाराला हातभार लावला, आणि पुढे सोळा वर्षे आपल्या राज्यातल्या माणसांची माहिती जपली. सूचनेखाली अंगठा टेकण्यापूर्वी माणसाला ती आपल्या भाषेत उमगणे, हा त्याच कामाचा पुढचा भाग आहे.